तिरपा काप

बाग तोडायला माणसं सकाळी येणार होती. लावणीच्या काड्या घेण्यासाठी थोरल्याला मिळाली ती फक्त त्याआधीची पहाट. धाकट्या भावानं चार माणसांसमोर सांगून टाकलं होतं, "करवत लागेपर्यंत काय न्यायचं ते ने. एकदा काम सुरू झालं की मधे यायचं नाही. ठेकेदाराला ते चालत नाही."

तिघं निघाली तेव्हा बांधावरचं गवत दवानं ओलं होतं. पुढं थोरला, खांद्यावर गोणपाट आणि हातात कोयता. त्याच्यामागं त्याची म्हातारी आई एक हात पुढं धरून चालत होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, उजाडल्याशिवाय तिला वाट अंदाजानंच कळायची. आणि त्या दोघांपासून चांगलं अंतर राखून थोरल्याची बायको.

अंजिराची झाडं पानं झडून उघडी उभी होती. म्हातारीनं पहिल्या झाडाला हात लावला आणि फांदीवरून बोटं पुढं सरकवत नेली.

"इथून घे. ह्याच्यापुढची नको, कोवळी आहे, कुजेल."

"आई, जरा भरभर. तांबडं फुटलं."

"भरभर केलं तर सरपण होईल बाबा. झाड नाही व्हायचं."

थोरल्यानं कोयता मारला. कापातून पांढरं दूध आलं आणि त्याच्या मनगटावर ओघळलं. बायकोनं फांदी न बोलता उचलली आणि गोणपाटावर ठेवली. असं झाडामागून झाड चाललं. म्हातारी चाचपायची, थोरला तोडायचा, सून उचलायची. अंजिराचं दूध हाताला लागून सुकलं की कातडी ओढल्यासारखी होते आणि मग चुरचुरते. सुनेला त्याची सवय नव्हती. ती बोटं पदराला पुसत राहिली आणि पदर चिकट होत राहिला.

ट्रॅक्टर आला तेव्हा शेवटची ओळ राहिली होती. धाकटा मागच्या लोखंडावर उभा राहूनच आला. खाली उतरून त्यानं गोणपाटाकडे पाहिलं.

"झालं का सरपण गोळा? वहिनी, सांगितलं असतं तर गाडी दिली असती."

वहिनीनं गोणपाटाची टोकं आवळून गाठ मारली.

"एवढी ओळ राहिली रे," म्हातारी म्हणाली.

"आई, माणसं रोजावर आहेत. ती काय तुझी वाट बघत बसणार?"

म्हातारीनं जवळच्या फांदीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "चला." मागं करवत सुरू झाली. थोरल्यानं दोनदा वळून बघितलं. म्हातारीनं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तरी तिला दिसलं नसतं, पण पहिलं झाड पडल्याचा आवाज आला तेव्हा तिचा पाय बांधावरून घसरला, आणि थोरल्यानं तिला दंडाला धरलं.

वाटणी म्हातारीनंच केली होती. बाग धाकट्याला, विहिरीजवळचं मोकळं रान थोरल्याला. थोरल्याच्या हाताला काम आहे, तो नव्यानं उभं करील. धाकट्याला उभारता यायचं नाही, पण आयतं मिळालं तर निदान राखील. असा तिचा विचार. सून त्या दिवशी एक शब्द बोलली नाही, आणि सासूशी त्यानंतरही बोलली नाही. मग धाकट्यानं बागेची जागा गोदामासाठी ठेकेदाराला देऊन टाकली. सून तेव्हाही काही म्हणाली नाही. म्हातारीला तेच जास्त लागलं. भांडली असती तर उत्तर देता आलं असतं.

घरात बोलणं व्हायचं ते शेळीमार्फत. शेळीचं नाव शहाणी. "शहाणे, कुणाला भूक असेल तर भाकरी झाकून ठेवलीय म्हणावं," असं सून चुलीपासून म्हणायची. म्हातारी ओट्यावरून म्हणायची, "शहाणे, एवढ्या लवकर कोण जेवतं, सांग." शहाणी दोघींकडे बघून चघळत राहायची. थोरला सुरुवातीला हसायचा. पुढं हसायचा बंद झाला.

त्या दिवशी दुपारी मात्र शेळीलाही काही सांगायला कुणाला सवड नव्हती. काड्या वाळायच्या आत लागायला हव्या होत्या. म्हातारी ओट्यावर फांद्यांचा ढीग मांडून बसली. छाटणीची कात्री तिच्या हातात ह्या घरात आल्यापासून होती, नजर गेली तरी बोटांना सगळं ठाऊक. काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती गाठ, चाचपायची, त्याच्याखाली सरळ काप घ्यायची, वीतभर मोजायची, आणि वरच्या टोकाला तिरपा काप द्यायची. वरचा काप तिरपा असला की पाणी थांबत नाही, घसरून जातं. तिच्या सासूनं तिला तसं शिकवलं होतं, आणि त्या घरात कधी कुणी वेगळं केलं नव्हतं. मूठभर काड्या झाल्या की ती सुतळीनं जुडी बांधायची आणि बाजूला टाकायची.

थोरला जुडी उचलून मागच्या शेडमध्ये नेऊन द्यायचा. शेड म्हणजे गोठ्याला लागून पत्रा टाकलेली जागा. आत उजेड कमी, म्हणून तिथं गारवा राहायचा. सुनेनं तिथं तेलाचे कापलेले डबे, रंगाचे डबे, फुटके माठ, मिळेल ते मांडून ठेवलं होतं. प्रत्येकाला खाली भोकं पाडलेली, आत ओढ्याची वाळू आणि चाळलेली माती.

तिच्या माहेरी गुलाब लावायचे. गुलाबाच्या काडीला खालचा काप तिरपा द्यायचा, म्हणजे टोक मातीत सहज शिरतं आणि मुळं फुटायला जागा जास्त मिळते. वरचा काप सरळ. ही गोष्ट तिला कुणी शिकवली होती असंही नाही, ती त्यातच वाढली होती. गुलाबाचं एक बरं, काटाच सांगतो वर कुठलं आणि खाली कुठलं. अंजिराला काटा नसतो. आणि वीतभराच्या काडीचा जाडपणा दोन्हीकडे सारखाच लागतो, त्यातून तिची बोटं दुधानं सुजून टणक झालेली. तिरपं टोक लागलं की ते खाली, असं करत तिनं काडी घातली, अंगठ्यानं माती दाबली, पुढची घेतली.

एकदा ती थांबली. हातातली काडी तिनं दाराच्या उजेडात धरली. थोरला जुडी घेऊन आत आला होता.

"काय झालं?"

"काही नाही."

"आईला विचारू का काही?"

"त्यांना कशाला विचारायचं," ती म्हणाली आणि काडी मातीत खोचली.

संध्याकाळी सगळे डबे भरले, वर ओलं गोणपाट पसरलं. थोड्या काड्या उरल्या होत्या, वाकड्यातिकड्या. थोरला त्या फेकायला निघाला होता. विहिरीपाशी, पाणी सांडतं तिथं, त्याला चिरलेली बादली दिसली. त्यानं तीत माती भरली आणि उरलेल्या काड्या तिच्यात खोचून टाकल्या, तिरपा काप वर. का तशाच, हे त्याला सांगता आलं नसतं. आईला तसं करताना बघत तो मोठा झाला होता.

मग वाट बघणं सुरू झालं.

थोरल्यानं रानात खड्डे घेऊन ठेवले होते. कोरड्या मातीत पहार मारून त्याच्या तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. खड्ड्यांच्या ओळी सरळ होत्या आणि रिकाम्या होत्या. येणारे-जाणारे विचारायचे, "काय पुरायचंय एवढं?" तो म्हणायचा, "बघू." नर्सरीत अंजिराची रोपं मिळत होती, पण ती दुसऱ्या जातीची. फळ दिसायला मोठं, खायला पाणचट. बागेतल्या अंजिराची साल पातळ असून पावसात उकलत नसे, आणि त्यासाठी गिऱ्हाईक दारापर्यंत यायचं. ती जात आता फक्त शेडमधल्या डब्यांत होती. बागेच्या जागी कधीच पाया खणून झाला होता.

म्हातारी रोज सकाळी चाचपत शेडमध्ये जायची, गोणपाट बाजूला करून प्रत्येक डब्यात हातानं पाणी शिंपडायची. काडीला मात्र हात लावायची नाही. मुळं धरायच्या वेळी काडी हलवायची नसते. तिनं थोरल्यालाही बजावलं होतं, "कुणी उपटून बघायचं नाही. रोपं मरतात ती अशी, रोगानं नाही."

सून दुपारी जायची. ती नुसती बघायची. काड्या होत्या तशाच होत्या, राखाडी, गप्प. वरचा सरळ काप काळा पडत चालला होता.

थंडी सरली. वारा सुटला, कोरडा, डोळ्यांत माती घालणारा. गोणपाट सकाळी भिजवलं तर दुपारी खडखडीत व्हायचं. विहिरीचं पाणी एक पायरी उतरलं. एका दुपारी ठेकेदाराचा माणूस दारात आला. म्हणाला, गोदामाच्या जागेवर राखणीला माणूस हवाय, धाकट्यानं तुमचं नाव सुचवलंय. येत्या बाजारापर्यंत सांगा, नाहीतर दुसरा बघतो.

"भावाच्या जागेवर राखणदार," तो गेल्यावर थोरला म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

"तुझ्या मनात काय आहे?" म्हातारीनं विचारलं.

"माझ्या मनाचं काय आई. खड्डे काय खायला घालणार आहेत?"

बायको भांडी घासत होती. तिचा हात तेवढा थांबला, आणि मग जोरात चालू झाला.

बाजाराच्या दिवशी थोरला सकाळीच अंघोळ करून निघाला. धुतलेला सदरा घातला. "येतो," म्हणाला. कुठं ते म्हणाला नाही आणि कुणी विचारलं नाही.

सून पाण्याला विहिरीवर गेली. घागर भरून उचलताना तिची नजर पलीकडे गेली आणि घागर तिनं पुन्हा खाली ठेवली. चिरलेल्या बादलीत हिरवं दिसत होतं. जवळ जाऊन ती वाकली. वाकड्यातिकड्या काड्यांच्या टोकांना पानं फुटली होती, लहान मुलाच्या हातासारखी, बोटं अजून मिटलेली. एक नाही, जवळजवळ सगळ्यांना.

ती घरी आली ती मोकळी घागर घेऊन. अंगणात शेळीपुढं उभी राहिली.

"शहाणे, ऐकलंस का? चांगल्या काड्या बाजूला काढून लेकाच्या बादलीत गेल्या. मढी तेवढी सुनेच्या डब्यात आली. सुनेचा हातच करंटा म्हणायला बरं."

ओट्यावर म्हातारी ज्वारी निवडत होती. सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं.

"कसली बादली?"

सून काही बोलली नाही. शेळीही नाही.

म्हातारी उठली. भिंतीला धरून, मग कुंपणाला धरून ती विहिरीकडे गेली. बराच वेळ तिथं वाकून होती. तिनं एका काडीला खालून वर अंगठा लावत नेला. गळलेल्या पानाचा व्रण लागला, त्याच्यावर डोळा, वर तोंड केलेला. परत व्रण, त्याच्यावर डोळा. टोकाला तिरपा काप. तिचा काप. उरलेलीच काडी होती, तिनं स्वतः बाजूला टाकलेली.

ती तिथून तशीच शेडमध्ये गेली. गोणपाट बाजूला केलं. आणि इतके दिवस केलं नव्हतं ते केलं. एका काडीवरून अंगठा फिरवला. टोकाला काप सरळ. खाली डोळा, त्याच्यावर व्रण. तिनं दुसरी चाचपली. तिसरी. मग दुसऱ्या डब्यातली, मग पार कोपऱ्यातल्या माठातली. सगळीकडे तेच. रोज सकाळी इथं उभी राहून पाणी घातलं होतं तिनं, आणि काडी हलू नये म्हणून एकीलाही बोट लावलं नव्हतं.

तिनं एक काडी धरली आणि ओढून काढली. लोण्यातून सुरी निघावी तशी ती निघाली. मातीतल्या टोकाला तिरपा काप होता, आणि त्याच्या शेजारचा डोळा अंधारातच फुटून पांढरा कोंब आला होता. कोंब वाकला होता, वळून वर यायला बघत होता.

म्हातारी डब्यावर टेकली. थोरला आता ठेकेदारासमोर उभा असेल. संध्याकाळी येईल. त्याला एवढंच सांगायचं होतं, तुझ्या बायकोनं सगळ्या उलट्या लावल्या. खरंच होतं ते. वाटणीपासूनचं सगळं त्या एका वाक्यात फिटलं असतं. तिनं ते वाक्य तोंडात घोळवून बघितलं.

मग ती काडी हातात धरून उठली.

सून चुलीपुढं बसली होती. पाठ दाराकडे. म्हातारी उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

"तुझ्या माहेरी तिरपा काप कुठल्या बाजूला देतात गं?"

 चुलीतलं लाकूड तिनं आत सारलं, परत बाहेर ओढलं.

"खाली," ती म्हणाली. "मातीत जायला."

"आमच्यात वर देतात."

चुलीत काहीतरी तडतडलं. सून वळली. म्हातारीनं धरलेली काडी तिनं घेतली, पांढऱ्या कोंबाकडे बघितलं, काडी फिरवली, पुन्हा बघितलं. तिचा चेहरा म्हातारीला दिसत नव्हता. पण श्वास ऐकू येत होता.

"सगळ्या?" सुनेनं विचारलं.

"मी चाचपल्या तेवढ्या सगळ्या."

"मला त्या दिवशी वाटलं होतं," सून म्हणाली. "एक काडी मी उजेडात धरली होती. म्हटलं विचारावं." ती थांबली. "नाही विचारलं."

"मी तरी कुठं सांगितलं. एक शब्द टाकला असता तर माझी जीभ झडली नसती."

सुनेनं काडी परत तिच्या हातात दिली. मग म्हातारी म्हणाली, "कात्री कुठं आहे? ऊन वर यायच्या आत करायला हवं."

त्यांनी डबे एकेक करून दारापाशी उजेडात आणले. सून काडी ओढून काढायची आणि म्हातारीच्या हातात द्यायची. म्हातारी अंगठ्यानं वर-खाली ठरवायची आणि परत द्यायची. हवेत राहिलेलं टोक खरं तर मुळांचं. ते वाळून काळं झालं होतं. तिथून नवीन काप घ्यायचा, आणि दूध येतं का बघायचं. दूध आलं तर काडी जिवंत.

"तूच काप," म्हातारी म्हणाली. "मला दूध दिसायचं नाही."

"कसा देऊ काप?"

"तुझ्या हाताला जसा येतो तसा. तिरपा."

"मग वरचा?"

"वरचा सरळ करून टाक. दोन्हीकडे तिरपे राहिले तर परत घोळ."

पहिली काडी कापली. 

"आहे?"

"नाही. आत तपकिरी आहे."

"थोडं वर घे."

कात्री वाजली. "नाही."

"अजून थोडं."

"आत्याबाई, आता काडीच उरली नाही."

म्हातारीनं हात पुढं केला. सुनेनं उरलेलं टिचभर लाकूड तिच्या तळव्यावर ठेवलं. म्हातारीनं ते बाजूला टाकलं. "दुसरी."

दुसरीही गेली. तिसरी, चौथीही. टाकलेल्यांचा ढीग वाढत होता आणि जिवंत काड्यांसाठी दुसऱ्या बाजूला अंथरलेली ओली चादर तशीच रिकामी होती. कात्री वाजली की म्हातारी मान तिरकी करायची, जणू दूध येण्याचा आवाज असतो. सुनेच्या कपाळावरचा घाम नाकावरून कात्रीवर पडला.

"हा डबा दाराजवळचा होता," ती म्हणाली. "वारा जास्त लागला असेल."

"कोपऱ्यातला माठ घे."

माठातली पहिली काडी. कापली. वर घेऊन परत कापली.

 म्हातारीनं वाट बघितली.

"सांग की गं. नसेल तर नाही म्हण."

"आलं," सून म्हणाली.  "दूध आलं."

म्हातारीनं बोट पुढं केलं. सुनेनं काडीचं टोक तिच्या बोटाला लावलं. म्हातारीनं बोट अंगठ्यावर घासलं. चिकट होतं. तिनं परत घासलं, आणि काडी स्वतःच्या हातानं ओल्या चादरीवर ठेवली.

त्यानंतर दूध येत गेलं. सगळ्यांना नाही. गोणपाटाखाली आत दडलेल्या डब्यांतल्या काड्या बऱ्याच तगल्या होत्या, बाहेरच्या कडेच्या गेल्या होत्या. दुपार उलटून गेली तेव्हा टाकलेल्यांचा ढीग मोठा होता, पण चादर झाकली गेली होती. भाकरी कुणीच केली नव्हती. शहाणी दोरी ताणून ढिगाकडे बघत होती.

थोरला आला तेव्हा दोघी मातीत हात घालून बसल्या होत्या. त्याच्या हातावर खाकी सदरा होता आणि गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. शेडची अवस्था बघून तो दारातच थांबला. उपसलेली माती, मोकळे डबे, मेलेल्या काड्यांचा ढीग.

"हे काय केलंत?"

तो ढिगाशी वाकला.

"आई, तूच म्हणायचीस ना उपटायचं नाही म्हणून?"

"उलट्या लागल्या होत्या," म्हातारी म्हणाली.

"उलट्या? कुणी लावल्या उलट्या?"

सुनेनं हात मातीतून काढला. तोंड उघडलं. त्याच्या आत म्हातारी म्हणाली, "आम्ही."

थोरला एकदा आईकडे आणि एकदा बायकोकडे बघत राहिला. बायको खाली बघून माती दाबत होती, आणि जिथं माती दाबून झाली होती तिथंच परत दाबत होती.

"काम धरलंस का?" म्हातारीनं विचारलं.

"धरलं. आजपासूनच."

"बरं केलंस. जायच्या आधी दोन घागरी आणून दे."

तो संध्याकाळी राखणीला गेला. जिथं बाग होती तिथं आता खांब उभे होते. बसायला त्याला एक खुर्ची दिली होती, आणि ती धाकट्याच्या घरातली होती. धाकटा मधून मधून यायचा, इतरांसमोर "दादा, जरा तिकडची सळई मोजून घ्या" म्हणायचा, अहो-जाहो करून. थोरला मोजायचा.

ऊन चढत गेलं. विहीर अजून उतरली. सून आता सकाळ-संध्याकाळ गोणपाट भिजवायची आणि वाऱ्याच्या बाजूला तिनं जुनी सतरंजी बांधली. म्हातारी शेडमध्ये आली की सून डबा तिच्या हाताखाली सरकवायची आणि म्हणायची, "ह्याचा डोळा फुगलाय." म्हातारी म्हणायची, "फुगू दे. बघू नकोस सारखी, लाजतो." पानं आली तेव्हा सुनेनं ती थोरल्याला हाक मारून दाखवली. म्हातारी मात्र खूश झाली नाही.

"पानं काडीच्या अंगातल्या रसावरही फुटतात. खाली काय आहे ते कुणाला माहीत."

"मग कधी कळणार?"

"ऊन आणखी तापलं की. मुळं नसतील तर एका दुपारीत माना टाकतील."

एकदा तशी दुपार आली. पत्रा तापून वाजत होता. काही रोपांनी माना टाकल्या आणि परत उचलल्या नाहीत. बाकीची संध्याकाळी सावरली. दोघींनी मेलेली तेवढी डब्यांतून काढली.

पहिल्या पावसाला अजून अवकाश होता तेव्हा धाकटा आला. थोरला राखणीहून येऊन ओट्यावर पाय धूत होता. धाकट्याला तो लवकर हवा होता, खांबांवर पत्रे चढवायचे होते. बोलता बोलता त्यानं शेडमध्ये डोकावलं.

"अजून चाललंय का हे?" तो आत गेला. "पानं काय, कशालाही फुटतात. खाली काही नसतं. दादा आयुष्यभर काड्याच पुरत बसणार का, आई?"

त्यानं तेलाच्या डब्यातल्या एका रोपाला हात घातला. सुनेनं पुढं होऊन त्याचं मनगट धरलं. तिच्या बोटांवर दुधाचे काळे डाग अजून होते. धाकटा चकित झाला, कारण वहिनीनं त्याला आजवर शब्दानंही अडवलं नव्हतं.

"ओढू दे त्याला," म्हातारी दारातून म्हणाली.

"आत्याबाई, तुटेल."

"तुटली तर तुटली. आपल्यालाही कळेल."

सुनेनं मनगट सोडलं. थोरला ओल्या पायानं येऊन मागं उभा राहिला. धाकट्यानं काडी बुडाशी धरली आणि वर ओढली, एखादं गवत उपटावं तशी सहज. काडी आली नाही. त्यानं मूठ आवळली आणि खांद्याचा जोर लावला. काडीबरोबर डबाच जमिनीवरून उचलला गेला, मातीसकट, आणि त्याच्या हातात लोंबकळत राहिला. तळाच्या भोकांतून पांढरी मुळं बाहेर आली होती.

 मग त्यानं डबा खाली ठेवला, हळूच.

"काय झालं?" म्हातारीनं विचारलं. "आवाज नाही आला."

"डबा उचलला गेला, आत्याबाई," सून म्हणाली. "काडी नाही निघाली."

म्हातारी दाराच्या चौकटीला टेकली. थोरल्यानं गळ्यातली शिट्टी काढली, तिची काळी दोरी नीट गुंडाळली आणि भावाच्या हातात दिली.

"ठेकेदाराला सांग, दुसरा माणूस बघ."

"आणि फळं येईपर्यंत काय करशील?"

"मधल्या पट्ट्यात गुलाब घालायचे म्हणते ही. माहेराहून काड्या आणणार आहे."

धाकटा शिट्टीकडे बघत होता. जायला वळला, आणि गेला नाही. ओळीनं मांडलेल्या डब्यांवरून त्याची नजर फिरली.

"आई, एखादं रोप मला... घरापुढं लावायला."

"मला विचारू नकोस. शेड तिची आहे."

उचललेल्या डब्यातली सांडलेली माती सुनेनं गोळा करून परत आत घातली, अंगठ्यानं दाबली.

"ही सगळी रानात जायचीत, भावजी. खड्डे अजून पुरे भरत नाहीत. झाडं मोठी झाली की थंडीत छाटणी करू, तेव्हा काड्या देईन. नेताना लावायच्या कशा ते विचारून जा."

"मला काय विचारायचंय? आईच्या हाताखाली शिकलोय मी. तिरपा काप वर."

"खाली," म्हातारी म्हणाली.

"खाली कधीपासून?"

 मागं दोरी ताणल्याचा आवाज आला.

"अगं, शेळी बघ," म्हातारी म्हणाली. "पानं खाईल."

"बघते, आत्याबाई," सून म्हणाली, आणि उठली.